पाचवे कारण

आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, किंवा दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या सकाळी ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतील गावांतून हिंडणाऱ्यास असे दिसून येईल की, ज्या घरी शेती आहे तेथे कोयता-कुऱ्हाड आणि ज्या घरी सुतारकी चालते तेथे वाकस, रंधा, पटाशी ही वडिलोपार्जित हत्यारे पाटावर मांडलेली असून त्यांच्याच ओळीत विजेवर चालणारा ग्राइंडर, ड्रिल आणि चकतीची करवत ही नवी मंडळीही घासूनपुसून बसविलेली आहेत, त्यांना हळदकुंकू लागले आहे, झेंडूचे फूल वाहिले आहे, आणि घरातील लहानथोर त्यांना यथास्थित नमस्कार करीत आहेत. या पूजेला अडाणीपणा म्हणून हसणाऱ्यांच्या पंक्तीस मी बसत नाही. ज्या वस्तूच्या आधाराने पोट चालते तिच्यापुढे वर्षातून एकदा मस्तक लवविणे यात कृतज्ञता आहे, आणि कृतज्ञतेवाचून धर्म उभा राहत नाही. तथापि त्याच ग्राइंडरचा गार्ड, म्हणजे चकतीच्या अर्ध्या परिघावर बसणारे ते पोलादी कवच, 'कामात आडवे येते' म्हणून पुष्कळदा केव्हाच काढून फळीवर टाकलेले असते. पूजा होते ती बोडक्या चकतीची. आणि त्याविषयी कोणी हटकलेच तर उत्तर मिळते की, व्हायचे ते चुकत नाही, करणारा तो आहे. हे उत्तर वरवर भक्तीचे वाटते. ते खरोखर भक्तीचे आहे काय, सावधगिरी बाळगणे हे श्रद्धेचे उणेपण ठरते काय, आणि दैवाचे नाव घेण्याचा अधिकार मनुष्याला नेमका कोणत्या टप्प्यावर प्राप्त होतो, हा प्रश्न सुताराच्या पडवीत उद्भवला म्हणून तत्त्वज्ञानाच्या दरबारी त्याची किंमत कमी होत नाही.

माहुली गडाच्या पायथ्यापासून माळशेज घाटाच्या कड्यांपर्यंत पसरलेल्या या मुलखात साग, ऐन, शिसव, खैर यांची राने आणि त्या लाकडावर जगणारे हात यांचा संबंध फार जुना आहे. गावचा सुतार हा पूर्वी बलुतेदार असे. नांगर, जू, गाडीची चाके, दाराच्या चौकटी ही सारी त्याची जबाबदारी आणि सुगीला मिळणारे धान्य हा त्याचा हक्क. तो जमिनीवर बसे, लाकडाचा तुकडा दोन्ही पायांच्या तळव्यांत आवळून धरी आणि आपल्याच अंगठ्यापासून चार बोटांवर वाकसाचे घाव घाली. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येई. परंतु त्या दृश्यात एक सुरक्षितता दडलेली होती. वाकसाला जो वेग मिळे तो त्याच्याच दंडातून मिळे. दंड थकला की घाव आपोआप हलका होई. मन दुसरीकडे गेले की हातही रेंगाळे. आणि जखम झालीच तर तीही त्याच दंडाच्या ताकदीच्या मापाची असे. श्रम आणि अवधान ही दोन्ही एकाच देहातून, एकाच वेळी निघत, त्यामुळे अवधानाची निराळी साधना करावी लागत नसे. श्रमच त्याला जामीन असे.

वीज आली आणि या दोहोंची फारकत झाली. चार इंची चकतीचा साधा ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो, म्हणजे चकतीच्या कडेवरचा कण ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असतो. आणि काही विपरीत घडत आहे हे ध्यानात येऊन हात मागे घेण्यास मनुष्याला जो पाव सेकंद लागतो, तेवढ्यात ती चकती ४५ च्या आसपास फेरे पुरे करते. एवढ्या अवधीत देवाचे नाव मनात येईल, पण ओठांवर येणार नाही. शिवाय ही शक्ती ज्याच्या हातून वाहते त्याची नसते. तो थकला तरी ती थकत नाही, त्याचे मन भरकटले तरी तिचा वेग तसूभर कमी होत नाही. विजेच्या हत्याराने मनुष्याचा श्रम आपल्याकडे घेतला, अवधान मात्र त्याच्याच पदरी ठेवले, आणि तेही श्रमाच्या जामिनाशिवाय. पूर्वी जे आपोआप घडे ते आता जाणूनबुजून, क्षणोक्षणी, कर्तव्य म्हणून द्यावे लागते. या प्रकारच्या अवधानाची ओळख आपल्या परंपरांना नाही असे नाही. धम्मपदाचा दुसरा वर्ग सगळाच्या सगळा अप्रमादावर आहे; उत्तराध्ययन सूत्राच्या दहाव्या अध्ययनात महावीर गौतमाला क्षणभराचाही प्रमाद नको म्हणून पुनःपुन्हा बजावतात; आणि वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मूर्तीसाठी लाकूड आणावयास रानात शिरण्याचा जो विधी सांगितला आहे, त्यात झाडाची पूजा करून, त्यावर वसणाऱ्या भूतांना अन्यत्र जाण्याची विनंती करून, मगच दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड चालवावी असे आहे. त्या विनंतीने भुते जात असोत वा नसोत, तोडणाऱ्याला एक रात्र थांबावे लागे आणि आपण काय करीत आहोत हे त्याला स्वतःशी एकदा म्हणावे लागे, एवढे निश्चित. विधीचे मोल त्या थांबण्यात होते.

आता दैवाच्या प्रश्नाकडे वळू. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे मोजली आहेत : अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे क्रिया, आणि पाचवे दैव. भाष्यकारांत अर्थभेद आहेत. शंकराचार्य अधिष्ठान म्हणजे देह असे घेतात, तर लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त त्याचा सरळ अर्थ जागा असा लावला आहे. कसाही अर्थ घेतला तरी दैवाचा क्रमांक बदलत नाही. ते नाकारलेले नाही, परंतु पहिलेही मानलेले नाही. त्याच्याआधी चार कारणे आपली कैफियत घेऊन उभी आहेत, आणि त्या चौघांची जबानी झाल्याखेरीज पाचव्यास पुकारणे हा न्यायाचा क्रम नव्हे. तेव्हा घरच्या कारखान्यापुरती तरी ही चौकशी क्रमाने करून पाहावी.

पहिले अधिष्ठान. आपल्याकडे घरगुती कारखाना म्हणजे बहुधा पडवी, नाही तर मागीलदारी पत्र्याची एक पाखी. जून ते सप्टेंबर या भागात पाऊस धरून बसतो तेव्हा तेथील जमिनीला ओल येते, आणि त्या ओलीवर अनवाणी उभे राहून काम करणाऱ्याच्या हातात जे यंत्र असते त्याच्या तीन पिनांपैकी अर्थिंगची पिन बोर्डात बसत नाही म्हणून मोडून टाकलेली असते. त्यातच लाईट जाणे-येणे हा येथील नित्याचा व्यवहार. एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. चौकटीचे काम चालू आहे. ग्राइंडर सतत दाबून धरावा लागू नये म्हणून त्याचा स्वीच पुढे सारून खाचेत अडकविलेला आहे. आणि एकाएकी लाईट जाते. चकती मंदावत मंदावत थांबते, कारागीर यंत्र तसेच फळीवर ठेवतो, चहा घेतो, आणि परत येऊन फळीवरचा भुसा हाताने लोटू लागतो. त्याच वेळी लाईट येते. कोणीही हात न लावता ग्राइंडर गरजून उठतो आणि चकतीच्या धक्क्याने फळीवरून उडी घेतो. जुन्या काळी अशा गोष्टीला बाधा म्हटले असते. आज 'वेळ वाईट होती' असे म्हणतात. वस्तुतः वेळेने काहीच केले नाही. स्वीच चालू राहिला आणि पिन बोर्डात राहिली, एवढेच घडले. लाईट गेली की प्रथम स्वीच मागे घ्यावा आणि पिन उपसावी, ही सवय ज्या घराने लावून घेतली त्या घरापुरती ती वाईट वेळ कायमची टळली.

दुसरा कर्ता. नवशिका पोर यंत्राला भिते, म्हणून सहसा वाचते; हात बसलेला माणूस मात्र हात बसला म्हणूनच फसतो, कारण जे अंगवळणी पडले त्याकडे मन लक्ष देत नाही. त्यात लगीनसराईच्या आत पलंग-कपाट पाहिजे असा गिऱ्हाइकाचा तगादा, दिवसा लाईट नाही म्हणून रात्री चालविलेले काम, आणि त्या रात्रीवर कधीकधी घेतलेला एखादा घोट. तिसरे करण. प्रत्येक चकतीवर तिचा कमाल वेग छापलेला असतो आणि मधल्या धातूच्या कडीवर ती कोणत्या महिन्या-सालापर्यंत वापरावी हेही पुष्कळदा कोरलेले असते. दमट हवेत पडून राहिलेली घासचकती आतून कमजोर होऊन चालू असता फुटू शकते. सर्वांत घातक वहिवाट म्हणजे लोखंड घासण्याच्या ग्राइंडरला दातेरी पाते लावून त्याने लाकूड कापणे. दाता रेषेत अडकला की यंत्र उलटून धरणाऱ्याच्या छातीकडे उसळते, आणि त्या उसळीत चकतीपासून अंगाला वाचविणारा गार्ड तेव्हा फळीवर पडलेला असतो. चौथी चेष्टा, म्हणजे उभे कसे राहावे, धरावे कसे, ठेवावे कसे. चकतीच्या रेषेत न उभे राहता बाजूला राहणे, दोन्ही हातांनी धरणे, ती पुरती थांबल्यावाचून खाली न ठेवणे, पाते बदलताना पिन उपसणे, डोळ्यांवर चष्मा आणि नाकातोंडावर बारीक धूळ अडविणारा मास्क लावणे. कारण लाकडाचा बारीक भुसा हा कर्करोगाला कारण होतो असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच दिलेला आहे. या चारही खात्यांत एकही बाब अशी नाही की जिच्यासाठी दैवाकडे अर्ज करावा लागेल.

येथे श्रद्धेशी प्रत्यक्ष गाठ पडते, आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ड्रिल किंवा खरादासारखे जे यंत्र गरगर फिरते त्याच्याजवळ लोंबती वस्तू असू नये, हा या कामातील पहिला नियम. आणि आपल्या माणसाच्या अंगावर लोंबते काय असते, तर गळ्यात वारकऱ्याची तुळशीची माळ, मनगटावर जत्रेतून आणलेला किंवा भगताने बांधलेला दोरा, बोटात ग्रहशांतीची अंगठी. जो गंडा रक्षणासाठी बांधला तोच फिरत्या टोकात गुंडाळला जाऊन मनगट ओढून नेईल. जी अंगठी शनीची पीडा टाळावी म्हणून घातली तीच कोठे अडकली तर बोटाचे कातडे सोलून काढील. मग काय करावे? माळ तोडावी, असे मी कोणाही वारकऱ्यास सांगणार नाही, आणि तसे सांगण्याची गरजही नाही. माळ सदऱ्याच्या आत सारून वरचे बटण लावले म्हणजे ती हृदयाच्या अधिकच निकट जाते. दोऱ्याची टोके कापून तो दंडावर घट्ट बांधता येतो. अंगठी काम सुरू करण्यापूर्वी देव्हाऱ्यात ठेवावी आणि काम संपल्यावर घालावी; ज्या ग्रहाचा प्रभाव सुताराच्या पडवीपासून आतल्या खोलीतल्या देव्हाऱ्यापर्यंत पोहोचत नाही, त्याला भिण्याचे तरी कारण काय? सुधारलेल्या मंडळींनी यावर फार हसू नये, कारण मुंबई-कल्याणहून येऊन येथे शेतघर बांधलेला हौशी गृहस्थ ज्या निष्ठेने हातात सुती मोजे घालून ड्रिल चालवितो, ती निष्ठा त्याच जातीची आहे. मोज्याचा धागाही दोऱ्यासारखाच गुंडाळला जातो. रक्षणाचे चिन्ह हेच रक्षण असे समजणे ही चूक आस्तिकाची तशीच नास्तिकाचीही आहे.

चार कारणांची जबानी पुरी झाली म्हणजे दैवाला काहीच उरत नाही काय? उरते. जुन्या घराची तुळई उतरवून तिच्या फळ्या पाडताना लाकडाच्या पोटात गडप झालेला एखादा खिळा करवतीला लागतो, दाता तुटून उडतो. त्याचा दोष कोणाकडे? तो खिळा ज्याने मारला तो दोन पिढ्यांपूर्वी वारला. याला दैव म्हणावयास माझी ना नाही. परंतु त्याच तुळईवरून कापण्यापूर्वी एकदा लोहचुंबक फिरविला असता तर तो खिळा कळला असता, आणि कळताच तो पाचव्या खात्यातून निघून तिसऱ्या खात्यात जमा झाला असता. यंत्राच्या कवचात उतरलेली वीज हीही एके काळी निव्वळ दैवाची बाब होती. आता ३० मिलिॲम्पिअर इतकी गळती होताच क्षणार्धात प्रवाह तोडणारे साधन घरच्या बोर्डात बसविता येते. तात्पर्य, दैवाच्या हद्दीचे दगड कायमचे पुरलेले नाहीत. ज्ञान जसे वाढते तशी त्या हद्दीची फेरमोजणी करावी लागते, आणि पूर्वजांच्या मोजणीवर विसंबून आजची जबाबदारी दैवाच्या नावावर चढविणे ही एक प्रकारची खोटी नोंद आहे. हद्द कितीही मागे सरकली तरी तिच्या पलीकडे काहीतरी राहणारच; त्याच्यापुढे हात जोडावेत. चारही कारणे सांभाळून जोडलेल्या त्या हातांत नम्रता असते. ती न सांभाळता जोडलेले हात आळसाचे असतात, आणि तो आळस देवाच्या नावाने नमस्काराचे रूप घेऊन येतो म्हणून साध्या आळसाहून अधिक निंद्य आहे.

मात्र हा विचार येथेच थांबविला तर त्याचा फार मोठा दुरुपयोग होईल. दैव नाही ना, मग दोष त्या माणसाचाच. 'त्याचेच लक्ष नव्हते' असा निकाल देऊन मोकळे होणारे लोक दैववाद्यांहून कमी निष्ठुर नसतात. गीतेने पाच कारणे सांगून झाल्यावर लागलीच असे बजावले आहे की, असे असता जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला काही दिसत नाही. तेथील रोख अहंकारावर आहे हे मी जाणतो. तथापि पाचांतील एकाच कारणावर सगळा भार टाकणे ही दृष्टीची चूक आहे, हे तत्त्व दुसऱ्याकडे बोट दाखवितानाही तितकेच लागू पडते. रात्री काम करणाऱ्याने रात्र निवडली नव्हती; दिवसा वीज नव्हती. अर्थिंग नसलेला बोर्ड त्याने मागितला नव्हता. तेवढेच परवडत होते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे एकविसावे कलम यंत्राच्या फिरत्या भागांना कुंपण घालण्यास आणि पस्तिसावे कलम डोळ्यांचे रक्षण करण्यास सांगत असे. परंतु मूळ कायद्याचा अंमल विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगार असतील तेथून पुढे सुरू होई, आणि नंतर तर ही मर्यादा वाढविण्यात आली. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतील मोठ्या शेडमध्ये गार्ड काढून ठेवणे हा कायद्याने अपराध. वसाहतीबाहेरच्या पडवीत बाप-लेक मिळून काम करतात तेथे कोणताही निरीक्षक फिरकत नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाच्या सुधारित परिशिष्टात गेलेला अंगठा म्हणजे कमाईच्या शक्तीची ३० टक्के हानी आणि गेलेली तर्जनी म्हणजे १४ टक्के, असा हिशेब लावलेला होता. पण ज्याचा कोणी मालकच नाही त्याने ते टक्के कोणाकडे मागावेत? एकलव्याचा अंगठा गेला तो गुरूने मागितला म्हणून, आणि त्याने तो जाणून दिला; महाभारत वाचणारा प्रत्येक जण त्या प्रसंगी द्रोणाचार्यांना प्रश्न विचारतो. पडवीतला अंगठा जातो तेव्हा तो मागणारा कोणी दिसत नाही, म्हणून प्रश्नही कोणी विचारीत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, अपघात घडून गेल्यानंतरही पहिली चार कारणे संपत नाहीत. तुटलेले बोट स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून, बोटाला बर्फाचा प्रत्यक्ष स्पर्श होऊ न देता काही तासांच्या आत मोठ्या शहरातील जाणत्या शल्यवैद्यापर्यंत नेले, तर ते पुष्कळदा पुन्हा जोडता येते. त्या घटकेला जो शेजारी 'नशिबात होते' म्हणत ओट्यावर बसून राहतो आणि जो गाडी काढतो, त्या दोघांत देवाला मानणारा कोण, याचा निर्णय करण्यास शास्त्राची गरज पडू नये. दैव हा शब्द मी कोणाच्या तोंडून काढून घेऊ इच्छीत नाही. ज्याचा हात गेला त्याला पुढचे आयुष्य काढावयाचे असते, आणि 'असे लिहिलेलेच होते' या तीन शब्दांनी त्याची रात्र सरत असेल तर ते त्याने अवश्य म्हणावेत. तो त्याचा हक्क आहे. परंतु तोच शब्द शेजाऱ्याने, यंत्र विकणाऱ्याने, काम देणाऱ्याने किंवा सरकारने उच्चारला की त्याचा अर्थ पालटतो. तेव्हा तो सांत्वन राहत नाही, ती हिशेब न देताच मिळविलेली पावती होते. आपल्यापैकी जे बाहेर उभे आहेत त्यांच्या वाट्याला पहिल्या चार कारणांची चौकशी येते. पाचव्याचे नाव घ्यावयाचे ते ज्याने सोसले त्यानेच.